इमान, देव आणि आखाड्यावरचं कुत्रं

हट्ट्याला सप्ताह बसला की सात दिवसांत एकदा तरी नामदेवांच्या भाकरीची गोष्ट निघायचीच. त्याला कारणही होतं. आमच्या गावाच्या पुढे औंढा नागनाथ, जिथे नामदेवांना विसोबा खेचर भेटले. त्याच्याही पुढे नरसी, परंपरेनं नामदेवांचं गाव. तेव्हा हा सगळा मुलूख परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली वेगळी झाली १ मे १९९९ रोजी. कीर्तनकार कुठलाही असो, नामदेव म्हणजे घरचा माणूस. गोष्ट सगळ्यांना पाठ. नामदेव जेवायला बसतात, कुत्रं येतं, भाकरी उचलून पळतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावतात, की देवा, कोरडी खाऊ नको. मग कुत्र्याच्या ठायी विठ्ठल प्रकट होतो. टाळ-मृदंग वाजतात, बायका डोळ्यांना पदर लावतात.

या गोष्टीत कुत्रं पळतं, ही बाब मला फार उशिरा दिसली. मराठी शिकवण्यात पस्तीस वर्षं घालवल्यावर. महिपतीच्या 'भक्तविजया'नं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या कीर्तनकारांनी आपलं सगळं लक्ष मागे धावणाऱ्यावर ठेवलं. पुढे पळणाऱ्याकडे पाहायचं कोणाला सुचलं नाही. पण गावातल्या कुत्र्याच्या बाजूनं पाहा. माणूस मागे धावतोय याचा त्याला ठाऊक असलेला अर्थ एकच, की आता दगड बसणार. वाटीत तूप आहे हे त्याला कोण सांगणार? माणूस नुसता खाली वाकला तरी गल्लीतलं कुत्रं चार पावलं मागे सरतं. वाकलेला माणूस दगडच उचलतो, हे त्याला जन्मापासून कळलेलं असतं. आपल्या संतचरित्रांत कुत्र्याच्या स्वभावाचं जे काही खरं वर्णन आलं असेल त्यात मी या पळण्याला पहिलं स्थान देतो. आणि ते खरेपण दोन ओळींत संपतं. विठ्ठल प्रकटला की कुत्रं गोष्टीतून नाहीसं होतं. भाकरी खाल्ली का, तूप चाटलं का, दुसऱ्या दिवशी नामदेवांच्या दारात आलं का, यातलं काहीच कळत नाही.

एका जनावराचा एका विशिष्ट माणसावर जीव जडतो. गावाचा असून गावातल्या दोनशे माणसांतून ते एकच माणूस निवडतं. ही रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट सांगायला आपल्या कथनपरंपरेनं कोणते शब्द वापरले, आणि त्या शब्दांनी ती गोष्ट दाखवली की झाकली, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. तो मला पुस्तकांनी घातलेला नाही. आमच्या आखाड्यावरच्या एका काळ्या कुत्र्यानं घातला. त्याच्याकडे येतोच.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातही हेच झालं आहे. पांडव आणि द्रौपदी निघतात तेव्हा एक कुत्रं त्यांच्या मागे लागतं. वाटेत एकेक जण पडत जातो. उरतात युधिष्ठिर आणि कुत्रं. इंद्र रथ घेऊन येतो, कुत्र्याला जागा नाही म्हणतो, आणि युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो. तो कारण देतो ते असं, की हा माझा भक्त आहे आणि भक्ताला टाकणं पाप आहे. इथपर्यंत प्रसंग इतका उंचीवर जातो की वाचताना अंगावर काटा येतो. पुढच्याच क्षणी कुत्रं म्हणजे साक्षात धर्म होता असं निघतं. व्यासांशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. तरी वाचक म्हणून मला दर वेळी इथे फसल्यासारखं वाटतं. कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारणारा माणूस हा कुत्र्याचं रूप घेतलेल्या बापासाठी स्वर्ग नाकारणाऱ्यापेक्षा मोठा आहे. ग्रीकांच्या 'ओडिसी'त वीस वर्षांनी वेशांतर करून घरी आलेल्या ओडिसियसला त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस ओळखतो. उकिरड्यावर पडल्या पडल्या शेपटी हलवतो, कान पाडतो आणि मरतो. तो देव निघत नाही. त्याला ओळखलं म्हणून मिठी मारता येत नाही, कारण वेश उघडा पडेल. ओडिसियस डोळ्यांतलं पाणी लपवून पुढे जातो. होमरनं कुत्र्याला कुत्रं राहू दिलं.

आपल्याकडे कुत्र्याच्या ओढीचा दुसराही एक उपयोग झाला. ती माणसाला उसनी दिली गेली. खंडोबाचे वाघ्ये देवापुढे कुत्र्यासारखे भुंकतात, कोटंब्यात भिक्षा घेतात, आम्ही मल्हारीचे कुत्रे असं सांगतात. संतांनीही स्वतःला देवाच्या दारचं कुत्रं म्हणवून घेतलं. दत्ताच्या पायांशी चार कुत्री आली, पण त्यांना लगेच चार वेद करून टाकलं. म्हणजे निष्ठेचा नमुना म्हणून कुत्रं पाहिजे, आणि उंबऱ्याच्या आत मात्र नको. कोटंबा हातात घेणाऱ्या वाघ्यानं ही अडचण आपल्यापुरती सोडवली, हे मान्य केलं पाहिजे; तो स्वतःच कुत्रं झाला.

देवानंतर राजा. रायगडावरचा वाघ्या कोणाला ठाऊक नाही? शिवछत्रपतींच्या चितेत त्यानं उडी घेतली अशी कथा. समाधीजवळचं त्याचं स्मारक होळकरांच्या देणगीतून १९३६ साली उभं राहिलं. गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास'शी वाघ्याचं नाव कायमचं जोडलं गेलं. १९१९मध्ये गडकरी गेले तेव्हा हे नाटक अपुरंच होतं. ऑगस्ट २०१२मध्ये पुतळा उखडला गेला, पुन्हा बसवला गेला. मार्च २०२५मध्ये तो हटवण्याची मागणी पुन्हा झाली आणि विरोधही झाला. समकालीन कागदांत या कुत्र्याला आधार मिळत नाही हा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो वजनदार आहे. पुतळा राहावा की जावा हे ठरवणं या लेखाचं काम नाही. मला कथेचा घाट तपासायचा आहे. कुत्रं चितेत उडी घेतं, हे कुठलं रूप आहे? ३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुतळाबाई सती गेल्या. वाघ्याची कथा हे कुत्र्याला दिलेलं सतीपण आहे. धनी गेल्यावर मागे उरणाऱ्याला आयुष्य नाही, उरलाच तर त्याची निष्ठा कमी पडली, ही अपेक्षा एके काळी बायकोकडून होती. ती जशीच्या तशी जनावराच्या अंगावर घातली आहे. जाळाला कुत्रं भितं. धनी मेल्यावर कुत्रं काय करतं हे ज्यानं पाहिलंय त्याला माहीत असतं: ते वाट पाहतं. टोकियोच्या शिबुया स्टेशनवर हाचिको नावाचा कुत्रा १९२५च्या मे महिन्यात वारलेल्या आपल्या प्राध्यापकाची वाट पाहत १९३५च्या मार्चपर्यंत येत राहिला. वाट पाहण्यात नाट्य नाही. म्हणून आपण उडी पसंत केली असावी.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो साताऱ्याच्या थोरल्या शाहूंचा खंड्या. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. ग्रँट डफनं १८२६च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात शाहूंच्या लाडक्या कुत्र्याबद्दल जे लिहून ठेवलं आहे ते कुठल्याही दंतकथेपेक्षा रंगतदार आहे. वाघाच्या शिकारीत या कुत्र्यानं राजाचा जीव वाचवला होता. राजानं त्याला रीतसर सनद करून जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि पालखीचा सारा सरंजाम खरोखरच चालू ठेवण्यात आला. एकदा मोठेपणाचा तोरा मिरवणारे दोन सरदार भेटीला यायचे होते. शाहूंनी कुत्र्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घातले, आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि भर दरबारात सरदारांचं स्वागत केलं. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या डोक्यावर कधी पगडी घातली नाही.

डफ हे राजाच्या लहरींत जमा करतो. मला तसं वाटत नाही. शाहू सात वर्षांचे असताना १६८९मध्ये रायगड पडला आणि ते मोगलांच्या कैदेत गेले, सुटले १७०७मध्ये. अठरा वर्षं. मान, वस्त्रं, सनदा, पदव्या यांची खरी किंमत काय, हे छावणीत वाढलेल्या मुलाला जितकं कळलं असेल तितकं कोणाला? कुत्र्याच्या डोक्यावरची पगडी ही त्या सरदारांवरची टीका होती, हे उघडच आहे. पण ती दुसऱ्याही अंगानं वाचता येते. आपल्यासाठी वाघावर गेलेल्या जनावराला काय द्यावं, हे त्या राजाला कळत नव्हतं. त्याच्या भाषेत कृतज्ञता म्हणजे जहागीर. त्यानं ती दिली. खंड्याला सनद वाचता येत नव्हती, आणि पालखीपेक्षा त्याला धन्याच्या पायांशी बसणं अधिक आवडलं असणार, एवढं कुत्री पाहिलेला कोणीही माणूस सांगेल.

या सर्व कथांमधून एक शब्द वाहत येतो: इमान. अरबीत तो श्रद्धेचा शब्द आहे, देवावरच्या विश्वासाचा. फारसीच्या वाटेनं मराठीत आला आणि इथे तो चाकरीचा शब्द झाला. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे इमान. ज्याचं खाल्लं त्याला सोडून गेला तो बेइमान. हा शब्द आपण दोघांनाच सर्रास लावतो, कुत्र्याला आणि गड्याला. मालकाला कोणी इमानी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

आता आखाडा. आमच्या भागात शेतातल्या गोठ्या-झोपडीला आखाडा म्हणतात. १९७२च्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष असेल. आखाड्यावर कडब्याच्या गंजीच्या बुडाशी कुत्री व्याली. पाचांतलं एक जगलं, काळंभोर. आमचे सालगडी, ज्यांना मी मामा म्हणायचो, रात्री आखाड्यावरच असायचे. ते पिल्लू त्यांच्या घोंगडीत वाढलं. मोठं झाल्यावर ते आमचं कुत्रं म्हणून ओळखलं जाऊ लागलं, कारण शेत आमचं, आखाडा आमचा आणि भाकरीही आमच्या घरची. आजी रोज त्याच्या नावाची एक भाकरी जास्तीची थापायची, आणि मामांच्या फडक्यात बांधून द्यायची. वडील शेतात आले की कुत्रं उठून शेपटी हलवायचं, पण जागचं हलायचं नाही. मामा औतामागे चालू लागले की तासामागून तास त्यांच्या मागे.

साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच ठरतं. त्या पाडव्याला मामांचं आणि वडिलांचं साल जमलं नाही. दोन पोती ज्वारीचा फरक होता. मामा औंढ्याच्या वाटेवरच्या एका गावी, दुसऱ्याच्या शेतावर राहिले. तिसऱ्या दिवशी आखाड्यावरून कुत्रं गेलं. वडिलांनी माणूस पाठवून ते आणवलं, साखळी घातली. सुटलं तसं पुन्हा गेलं. दुसऱ्यांदा वडील स्वतः गेले, मला सायकलच्या दांड्यावर बसवून. मामा बांधावर उभे. म्हणाले, "मालक, म्या न्हाई नेलं त्येला. तेच आलं माघं." वडील काही बोलले नाहीत. परतताना मात्र म्हणाले, "दोघंबी बेइमान निघाले. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे." मी दहा वर्षांचा होतो. मला ते पटलं. शाळेत मी माझ्या मित्रांना तसंच सांगितलंही.

आज ज्या गोष्टी वाचायला मिळतात त्या वडिलांना वाचून दाखवायला हव्या होत्या, असं कधी कधी वाटतं. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर यांनी १९६५च्या त्यांच्या ग्रंथात कुत्र्याच्या पिल्लांच्या वाढीचा बारकाईनं हिशेब मांडला: साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो, की त्यात पिल्लाला ज्यांचा सहवास मिळतो ती त्याची माणसं होतात. आमच्या काळ्याचे ते आठवडे घोंगडीत गेले होते. बुडापेस्टच्या विद्यापीठात टोपाल, मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये ५१ कुत्र्यांवर एक चाचणी घेतली. ती मुळात तान्ह्या लेकरांसाठी मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बसवलेली. अनोळखी खोली, आपलं माणूस, परकं माणूस. कधी हा बाहेर जातो, कधी तो. आपलं माणूस खोलीत असताना कुत्रं अधिक खेळतं. ते गेलं की दाराशी उभं राहतं. ते परत आलं की धावत जाऊन भिडतं. परक्याशी ते वागतं, पण तसं नाही. लेकरू आईशी वागतं त्याला अभ्यासक जो शब्द वापरतात तोच त्यांनी इथे वापरला. त्याच गटाच्या २००१च्या कामात बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातली मोठी कुत्री होती. एका माणसानं तीन वेळा, दर वेळी दहा-दहा मिनिटं त्यांच्याजवळ घालवली, तेवढ्यावर त्या माणसाशी त्यांची ओढ चाचणीत दिसू लागली. अर्धा तास! म्हणजे बालपणीच सगळं ठरून जातं असंही नाही. आणि भाकरीनंच ठरतं असंही नाही. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा यांच्या गटानं २०१७मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांवर केलेलं काम मला या सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ती आपली कुत्री आहेत, दगड खाल्लेली. अनोळखी माणसाकडून पुन्हा पुन्हा खाणं मिळणाऱ्यांपेक्षा पुन्हा पुन्हा अंगावरून हात फिरवून घेणारी कुत्री त्या माणसाजवळ अधिक ओढीनं आली.

इथे एक सावधगिरी हवी. २०१५मध्ये जपानी संशोधकांनी कुत्र्या-माणसाच्या नजरेला नजर भिडल्यावर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं असं दाखवलं, आणि तेव्हापासून वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांना ते एक नवं इमान सापडलं आहे. कुत्र्याचं प्रेम 'विज्ञानानं सिद्ध' झालं म्हणून लिहिणारे लोक आणि कुत्र्यात देव पाहणारे कीर्तनकार यांत मला फार अंतर दिसत नाही. दोघांनाही कुत्र्यापलीकडचं काहीतरी हवं आहे. चाचणीचं मोल मला वेगळ्या ठिकाणी वाटतं. तिनं 'मालक' हा शब्द तपासायला भाग पाडलं. कुत्र्याला सातबारा कळत नाही. साल कळत नाही. त्याला अमुक माणसाचा वास, आवाज, चालण्याची लय कळते, आणि त्या माणसाजवळ असताना जग कमी भीतीचं वाटतं. एवढाच त्याचा व्यवहार. त्याला निष्ठा म्हणावं तर ती निष्ठा धन्यावर नाही, सोबत्यावर आहे. आणि आपल्या सगळ्या कथांनी धनी आणि सोबती एकच आहेत असं आधीच गृहीत धरलं. वाघ्याचं खाणंपिणं पाहणारा, त्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढणारा एखादा मोतद्दार गडावर असलाच, तर त्याच्याविषयी गोष्ट गप्प आहे. खंड्याच्या पालखीचे भोई मोजले गेले असतील. त्याला रात्री जवळ घेणारा कोण होता, हे कोणत्या सनदेत येणार?

आधुनिक मराठी लेखकांनी काय केलं? पु. ल. देशपांड्यांच्या 'पाळीव प्राणी'नं शहरी मध्यमवर्गाची एक जात हसत हसत पकडली, पण तिथे विषय कुत्रेवाले आहेत, कुत्री नव्हेत. धन्याशिवायचं कुत्रं लिहिलं ते अरुण कोलटकरांनी, आणि तेही इंग्रजीत, २००४च्या 'काळा घोडा पोएम्स'मध्ये. त्या संग्रहाची सुरुवातच मुंबईतल्या एका वाहतूक-बेटावर पहाटे पडलेल्या गावठी कुत्र्यानं होते. ते स्वतः बोलतं. आपली आईकडची वंशावळ ते बार्टल फ्रिअरनं विलायतेहून मागवलेल्या शिकारी कुत्र्यांपर्यंत नेतं, आणि बापाकडची थेट युधिष्ठिराच्या कुत्र्यापर्यंत. म्हणजे महाभारतात जे कुत्रं धर्म होऊन नाहीसं झालं होतं ते कोलटकरांनी परत आणलं, त्याला वंश दिला, आणि काळ्या घोड्याजवळ आणून झोपवलं. व्यासांवरची इतकी मिस्कील टीका मराठी समीक्षेनं केलेली मला आठवत नाही. तरी माझा शोध तिथेही पुरा होत नाही. कोलटकरांचं कुत्रं राजासारखं एकटं आहे. शहर त्याचं आहे, माणूस कोणी नाही. एका कुत्र्याचं एक माणूस, ही जोडी गड्याच्या बाजूनं लिहिलेली मला अजून वाचायची आहे. जे लिहू शकले असते ते औतामागे होते, हे कारण पुरेसं आहे.

काळ्याला तिसऱ्यांदा आणलं नाही. वडिलांनी त्याचा विषय बंद केला. आखाड्यावर दुसरं कुत्रं आलं, आणि त्याचीही भाकरी आजीच थापायची.

चार-पाच वर्षांनी आजी गेली. तेराव्याला मामा आले. त्या काळी तीन-चार कोस चालत येणं म्हणजे काही विशेष नव्हतं. पंगती उठत होत्या. मामा ओसरीच्या खाली, वहाणा काढून बसले, आणि वहाणांवर डोकं टेकून काळ्या पडलेला. तोंडाजवळ पांढरा झाला होता. कोणी हाकललं नाही. वडील आतून एक पोळी घेऊन आले, काही न बोलता त्याच्यापुढे टाकली आणि उभे राहिले. कुत्र्यानं पोळीचा वास घेतला, मग मान वळवून मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "खा की." तेव्हा त्यानं खाल्ली. वडील आत गेले, आणि थोड्या वेळानं तुपाची वाटी घेऊन परत आले.